मर्जीचं हिंदी

करंजटेकच्या पारावर नाथाजी हवालदारांचा एक किस्सा वर्षातून चार-दोन वेळा तरी व्हायचाच. ऐकणाऱ्यांना तो तोंडपाठ होता, तरी कुणीतरी खोडी काढायचं आणि हवालदार मिशीवरून पालथा हात फिरवून सुरू व्हायचे.

"सन एकेचाळीस. साताऱ्यात भरती. मी मिसरूड न फुटलेलं पोरगं. सायबाच्या मानसांनी छाती मोजली, दात बघितलं, बैलबाजारात बघत्यात तसं. मंग टेबलामागचा गोरा सायेब मला इंग्रजीत काय तरी म्हनला. आता मला कुठलं इंग्रजी? मी जमादाराच्या तोंडाकडं बघतुया, जमादार सायबाच्या. आन जमादारानंच परस्पर 'येस सर' म्हनून टाकलं! झालो भरती. सायेब काय म्हनला ते आजपातुर कळलं न्हाई गड्या. 'जेवलास का' म्हनला आसंल, न्हाईतर 'मरशील का' म्हनला आसंल. दोन्हीला येस सरच की!"

यावर पहिले हसायचे ते स्वतः हवालदार. मग पार हसायचा.

साताऱ्याहून एस. टी. नं तासाभरावर असलेलं हे गाव तसं बेताचंच. जमीन मुरमाड, विहिरींना पाणी माघापर्यंत. पण गावात वर्दी नाही असं घर शोधून सापडायचं नाही. कुणाचा आजा बसऱ्याच्या लढाईत गेलेला, कुणाचा बाप ब्रह्मदेशातून पाय अधू करून आलेला. नाथाजींच्या घरात आजा, बाप आणि स्वतः नाथाजी अशा तीन पिढ्या पलटणीत झालेल्या. स्वतः ते बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला हवालदार होऊन पेन्शनीवर आले. त्यानंतर गावातल्या पोरांना भरतीसाठी तयार करणं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पहाटे ओढ्यातल्या वाळूत पोरांना पळवायचं, छाती कशी फुगवायची ते शिकवायचं, सावधान-विश्राम घटवून घ्यायचं आणि भरतीच्या दिवशी सगळ्यांना एस. टी. त घालून घेऊन जायचं. चहाच्या कपापलीकडे त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, त्या दिवसांतली गोष्ट. शाळेचे मास्तर पारावर पेपर मोठ्यानं वाचत होते. बाहेरच्या कितीतरी देशांत पोरगा वयात आला की पलटणीत जावंच लागतं, नाही म्हणाला तर तुरुंग, असं त्यात लिहिलं होतं. आपल्याकडेही असाच कायदा पाहिजे, असं मास्तरांचं मत पडलं. मास्तर होते कोकणातले.

"आवं मास्तर," हवालदार म्हणाले, "मारून मुटकून वैद्यबुवा करता यील, शिपाई करता येत न्हाई. सक्तीचं मानूस खंदकात बसून घरची वाट बघतंय. आमच्याकडं ज्यो त्यो आपल्या मर्जीनं जातोय. म्हनून तर आमची पलटण लढती."

"खरं हाय," भाऊसो म्हणाले. भाऊसो हे हवालदारांचे जोडीदार. दोघं एकाच वर्षी भरती झालेले, एकाच वर्षी पेन्शनीवर आलेले, आणि एकमेकांचं खरं-खोटं करण्यात बाकीचं आयुष्य काढायचं ठरवून बसलेले. त्यांनी 'खरं हाय' म्हटलं म्हणजे ते पारावर मंजूर झालं.

सरकारची सक्ती नव्हती हे खरंच. सरकार सक्तीचा विचार करीपर्यंत गावच ती उरकून टाकायचं. पोराला सोळावं लागलं की चुलते येता-जाता त्याच्या छातीवर बुक्की मारून बघायचे. मुलीचा बाप स्थळ बघायला आला की पाणी प्यायच्या आधी विचारायचा, "पोरगं कंच्या पलटणीत?" घरी राहिलेल्याला घरकोंबडा म्हणायचे, आणि ते नाव त्याच्या लग्नपत्रिकेपर्यंत पोचायचं, पत्रिका निघालीच तर. या सगळ्यावर कडी म्हणजे भैरोबाची पालखी. जत्रेत पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान ज्या घरात नोकरीवरचा नाहीतर पेन्शनीवरचा फौजी असेल त्याच घराला. नाथाजींच्या घराकडे हा मान आज्यापासून चालत आला होता. नाथाजींना दोन मुली आणि पाठीवर एकच मुलगा, सयाजी. मुली नांदायला गेल्या होत्या. म्हणजे दांडा पुढं कुणी धरायचा हे वेगळं सांगायला नको होतं, आणि म्हणूनच ते सयाजीला कुणी कधी विचारलंही नव्हतं.

सयाजी उंच, काटक आणि अबोल होता. पळण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. फक्त विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की तो पळणं सोडून तिकडे जायचा. हवालदार हाक मारायचे, तेव्हा हात पुसत परत यायचा.

त्या साली साताऱ्यात भरती निघाली आणि करंजटेकची पोरं हवालदारांच्या मागं गेली. माजी सैनिक म्हणून हवालदारांना मांडवाच्या कडेला खुर्ची मिळाली. सयाजी पळण्यात पहिला आला. उंची, वजन, छाती, डोळे, सगळ्यांत पास झाला. शेवटच्या टेबलावर उत्तरेकडचा एक तरुण साहेब बसला होता. तो पुढं येणाऱ्या प्रत्येक पोराला एकच सवाल करायचा, "अपनी मर्जी से आये हो?" पोरं छाती काढून "जी साब!" ओरडायची आणि साहेब पुढं सरकवायचा. ओरडण्यात पोरं इतकी रंगली होती, की एकदोघांनी सवाल पुरा व्हायच्या आधीच ओरडून घेतलं.

सयाजीची पाळी आली. साहेबानं विचारलं. सयाजी थोडा थांबला आणि म्हणाला, "न्हाई जी."

साहेबानं मान वर केली. पुन्हा विचारलं. सयाजीनं पुन्हा तेच सांगितलं. मग साहेबानं त्याला बाजूला उभं केलं आणि मागच्या पोराला बोलावलं.

हवालदारांना खुर्चीवरून कधी उठलो ते कळलं नाही. टेबलापाशी जाऊन त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "साब, मेरा लडका है. पळता बहुत है साब. उसको समज्या नही साब."

साहेब चांगला होता. म्हणाला, "हवालदार साब, जो खुद ना कहे उसे हम नहीं लेते. ये सवाल तो अंग्रेज के टाइम से पूछते आ रहे हैं. आपसे भी पूछा होगा."

"जी साब," हवालदार म्हणाले. सवयीनं म्हणाले. कानात तेव्हा फक्त पोराचं 'न्हाई जी' घुमत होतं.

परतीच्या एस. टी. त करंजटेकची बाकीची पोरं मागच्या बाकांवर जाऊन बसली होती. हवालदार खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या डोक्यात एकच होतं, पारावर सांगायचं काय? पोरगं भ्यालं म्हणावं, तर ते भ्यालेलं दिसलं नव्हतं. कोरेगाव मागं पडलं आणि हवालदारांना एकदम उजेड दिसला. मर्जी! आपल्याकडं मर्जी म्हणजे काय? साहेबाची मर्जी, पाटलाची मर्जी. मर्जीतला माणूस म्हणजे वशिल्याचा माणूस. पोराला वाटलं, साहेब विचारतोय, कुणाच्या मर्जीतला म्हणून आलायस का? पोरगं म्हणालं, न्हाई!

"सयाजी," ते वळून म्हणाले, "तुला वाटलं, वशिल्यानं आलायस का आसं इचारतोय. व्हय का न्हाई रं?"

सयाजीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. "व्हय आबा," तो म्हणाला. "तसंच झालं."

पारावर ही गोष्ट हातोहात खपली. "पोरगं वशिल्याचं न्हाई म्हनून सांगून आलं!" असं म्हणत लोक मांड्यांवर थापा मारायला लागले. भाऊसोंनी जरा डोळे बारीक केले, पण 'खरं हाय' म्हणून टाकलं. चूक हिंदीची ठरली, आणि हिंदी काय, शिकवता येतं.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली शाळा भरली. हवालदारांचं स्वतःचं हिंदी पलटणीत घडलेलं, म्हणजे अर्धं हुकमाचं आणि अर्धं शिव्यांचं. सयाजीला सावधानमध्ये उभं करून ते समोर साहेबासारखे बसायचे.

"अपनी मर्जी से आये हो?"

"जी साब!"

"मर्जी माने क्या?"

"खुशी, साब!"

"शाबास. पुन्यांदा!"

हवालदारांची बायको शालूबाई ओसरीवर धान्य निवडत हे बघत असायची. पोरगा बैलांना पाणी पाजायला गेला, तेव्हा एकदा ती म्हणाली, "आवं, हिंदीतनं रोज इचारतासा. मराठीतनं एकडाव इचारलंसा का त्याला?"

"त्यात काय इचारायचं? घरची रीत हाय ती."

"रीत घरची हाय. जायचं त्याला हाय," शालूबाई म्हणाली आणि सुपात धान्य पाखडायला लागली. हवालदारांनी ते बायकी बोलणं म्हणून सोडून दिलं.

पण पुढची भरती निघायच्या आधीच दुष्काळ आला. बहात्तर-त्र्याहत्तरमध्ये पिकं करपली, ओढे आटले, निम्मं गाव खडी फोडायला गेलं. सयाजीची मावशी सांगलीशेजारी माधवनगरला होती, तिचा नवरा तिथं गिरणीत होता. त्याच्या ओळखीनं सयाजी सांगलीला कल्लाप्पांच्या दुकानात लागला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं ते दुकान. पाण्यासाठी लोक विहिरी खोल करत होते, आटलेल्या विहिरीत मोटारी चालवून जाळत होते, आणि कल्लाप्पांच्या दारात कवठे महांकाळपासूनच्या मोटारींची रांग लागायची. पोराला चार दिवस काम मिळालं, पाऊस पडला की परत येईल, असं हवालदार सांगत राहिले. पाऊस पडला. सयाजी दिवाळीला आला, आईला लुगडं देऊन परत गेला.

चौऱ्याहत्तरला भरती निघाली ती नेमकी सांगलीत. हवालदारांनी ठेवणीतला कोट घातला, पदकं लावली आणि पोराला घ्यायला निघाले. भाऊसो स्टँडपर्यंत आले. "मर्जी घटवलीया न्हवं?" त्यांनी विचारलं. "झोपंत सुदीक चुकायचा न्हाई," हवालदार म्हणाले.

कल्लाप्पांचं दुकान शोधत ते पोचले, तेव्हा दारात एक ट्रक उभा होता. कल्लाप्पा गल्ल्यावर होते. "या की ओ हवालदार, बसा," म्हणून त्यांनी स्टूल पुढं केलं. "पोरगं तुमचं लय गुणाचं बघा. आमच्या पोराला, वर्धमानला म्हनतो मी, ह्येच्या हाताखाली शीक जरा."

हवालदार बसले, आणि आतून त्यांना हिंदी ऐकू आलं. ट्रकचा पंजाबी ड्रायव्हर कुणाशी तरी बोलत होता. ट्रकमधून आणलेली मोटार कशी जळली, पुन्हा जळू नये म्हणून काय करायचं, किती दिवस लागतील. समोरचा त्याला सगळं नीट समजावून सांगत होता. मध्येच त्यानं कसला तरी विनोद केला आणि ड्रायव्हर खो खो हसला. असलं घरंगळत जाणारं हिंदी हवालदारांना बावीस वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं.

"ह्ये कोन बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"कोन म्हंजे? सयाजी की," कल्लाप्पा म्हणाले. "आला तवापास्नं आसंच बोलतोय. मी इचारलं, कुठं शिकलास रं? तर म्हनाला, गावात पेन्शनरांच्या पायाशी बसून लहानपनीच."

हवालदारांना आधी राग आला. पोरगं आपल्याला दोन वर्षं बनवत होतं. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण एस. टी. तला तो प्रसंग त्यांना आठवला. खोटं पोरगं बोललंच नव्हतं. खोटं आपणच रचलं, आपणच त्याच्या तोंडात घातलं, आणि त्यानं बापाचा मान म्हणून ते गिळलं. हवालदारांना फार वाईट वाटलं. कल्लाप्पांनी मागवलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

सयाजी बाहेर आला, बापाला बघून थबकला. मग हात धुऊन, शर्ट बदलून बापाबरोबर निघाला. दोघं भरतीच्या मैदानावर पोचले. मैदानाच्या तारेच्या कुंपणापाशी पोरांची गर्दी होती. आत पळण्याची शर्यत चालू होती. फाटक चार पावलांवर असताना हवालदार थांबले. शालूबाईचं बोलणं त्यांना इतक्या दिवसांनी आठवलं.

"सयाजी, तुजी मर्जी काय हाय रं?"

सयाजीनं मान खाली घातली. "तुमी म्हनाल तसं, आबा."

"माजं राहू दे. तुजं सांग."

"माजं काय येगळं? तुमची मर्जी ती माजी."

हवालदारांनी दोनतीनदा विचारलं, दोनतीनदा तेच उत्तर आलं. पोरगं टाळत नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. त्याला बोलताच येत नव्हतं. जन्मल्यापासून ज्या भाषेत फक्त 'व्हय आबा' म्हटलं, त्या भाषेत 'न्हाई' कुठून आणणार? हवालदारांनी स्वतःच्या बापाला तरी कधी म्हटलं होतं?

मग त्यांनी कोट खाली ओढून नीट केला, टाचा जुळवल्या, आणि परेडच्या आवाजात हुकूम सोडला, "सावधान!"

आजूबाजूची पोरं दचकली. सयाजी मात्र सवयीनं ताठ झाला. हात मांड्यांशी, नजर समोर.

"जवान! अपनी मर्जी से आये हो?"

सयाजीनं क्षणभर बापाच्या डोळ्यांत बघितलं. मग नजर पुन्हा समोर गेली.

"नहीं साब."

"डर लगता है?"

"नहीं साब."

"फिर?"

"मन नहीं है साब. मेरा मन वहाँ मोटार में है."

हवालदारांनी एकदा खाकरून घेतलं.

"दाहिने मुड!"

सयाजी वळला. वळण इतकं साफ होतं, की फाटकावरचा शिपाई कौतुकानं बघत राहिला.

"दुकान की तरफ, तेज चल!"

आणि सयाजी हात पुढं-मागं टाकत, टाचा आपटत, भर रस्त्यानं दुकानाकडे चालत गेला. कोपऱ्यावर तो वळेपर्यंत हवालदार सावधानमध्येच उभे होते. मग त्यांनी कोटावरची पदकं काढून खिशात घातली आणि स्टँडची वाट धरली.

घरी शालूबाईनं नवरा एकटा आलेला बघितला आणि त्याच्या ताटात गूळ-तूप जरा जास्त वाढलं.

संध्याकाळी पार भरला होता. भाऊसोंनी जागा करून दिली. "काय हवालदार, पोरगं परत मर्जीत अडाकलं जनू?"

"न्हाई," हवालदार म्हणाले. "पोराला हिंदी झकास येतंय. पयल्यापास्नं येतंय. त्याला जायचं न्हाई. मी इचारलं, त्यो न्हाई म्हनला, मी माघारी लावून दिला."

नाथाजींच्या मागं पालखीचा पुढचा दांडा दुसऱ्या घरात जाणार हे सगळ्यांना कळलं, आणि हवालदारांनी ते सगळ्यांदेखत आपल्या तोंडानं सांगितलं हेही कळलं. शेवटी मास्तरांनी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "हवालदार, तुमचा तो गोऱ्या साहेबाचा किस्सा होऊन जाऊ द्या."

हवालदारांनी मिशीवरून पालथा हात फिरवला आणि सांगायला लागले. एकेचाळीस साल आलं, छाती मोजून झाली, दात बघून झाले. सायेब इंग्रजीत काय तरी म्हनला, आन जमादारानं परस्पर 'येस सर' म्हनून टाकलं. पार सवयीनं हसला. त्या दिवशी हवालदार हसले नाहीत. बाकीच्यांचं हसून होईपर्यंत ते थांबले. साताऱ्यातल्या साहेबाचं 'आपसे भी पूछा होगा' आता त्यांच्या कानात घुमत होतं.

"सायेब काय म्हनला त्ये आता कळलं," ते म्हणाले. "तुजी मर्जी हाय का, आसं इचारलं हुतं मला."

"मंग?" भाऊसो म्हणाले. "जमादार मधी पडला नसता, तर काय म्हनला आसतासा?"

हवालदारांनी तोंड उघडलं. 'जी साब' जिभेवर तयारच होतं. त्यांनी ते परत आत घेतलं, आणि ओढ्याच्या वाळूकडे बघितलं.

"इचार करून सांगतो," ते म्हणाले.